नौकेच्या बुडातील वीज : तारकामास दुय्यम लेखू नये

शेतकऱ्याच्या संसारात जे स्थान बैलजोडीचे, तेच मच्छीमाराच्या संसारात नौकेचे असते. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याच्या कितीतरी आधी, २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासूनच, किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांपर्यंत नेण्यास प्रारंभ झाला होता. कोकणातील पुष्कळ गावांत तर एकाच घरात खरिपाचे भात आणि दर्याची मासळी अशी दोन्ही उत्पन्ने नांदतात. अशा स्थितीत नौकेच्या निगेचा विचार शेतकऱ्यांस व गावपातळीवरील कार्यकर्त्यांस परका वाटण्याचे कारण नाही.

शिडावर चालणाऱ्या होडीत विजेचा प्रश्नच नव्हता. १९५२ साली झालेल्या भारत-नॉर्वे करारानंतर केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांचा प्रयोग सुरू झाला. १९५७ साली कोची येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर इंजिनाची नौका ही नित्याची गोष्ट बनली. इंजिनाबरोबर बॅटरी आली, बॅटरीबरोबर दिवे आले, पाणी उपसण्याचा पंप आला, आणि आता बिनतारी संदेशयंत्र, स्थान दाखविणारे जीपीएस व मासळीचा थवा दाखविणारे यंत्र ही साधनेही लहान नौकांवर दिसू लागली आहेत. इंजिनाचे तेल वेळेवर बदलले जाते, जाळ्याचा फाटका डोळा रोज सांधला जातो, नौकेस दर वर्षी रंग दिला जातो. या सर्व साधनांना चालविणारी तार मात्र एकदा ठोकून बसविली की तुटेपर्यंत कोणी तिच्याकडे पाहत नाही. नौकेच्या ओल्या भागातील तारकाम हे नौकेच्या सांगाड्याइतकेच महत्त्वाचे मानले गेले पाहिजे, आणि त्याची तपासणी हा मालकाच्या मर्जीचा नव्हे तर वार्षिक निगेचा नेमस्त भाग झाला पाहिजे.

बारा व्होल्ट निरुपद्रवी नव्हेत

या बाबतीत सर्वांत घातक समजूत अशी की, बारा किंवा चोवीस व्होल्टांची बॅटरी माणसाला झटका देत नाही, सबब तिच्यापासून भय नाही. यातील पहिला अर्धा भाग बहुतांशी खरा आहे, दुसरा संपूर्ण खोटा आहे. डिझेल इंजिन फिरविताना बॅटरी काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह देते. हाच प्रवाह जर आवरण झिजलेल्या तारेतून, मध्ये फ्यूज नसताना, थेट परतीच्या तारेत शिरला, तर ती तार काही क्षणांत लालबुंद होते. तिच्या भोवती तेलकट लाकूड, रंग, फायबर, डिझेलने भिजलेली चिंधी अशी जळाऊ सामग्री असतेच. किनाऱ्यापासून दूर समुद्रात आग लागल्यास खलाशांना पळावयास पाण्याखेरीज जागा नसते. झटका न देणारी बॅटरीही नौका जाळू शकते, हे प्रत्येक तांडेलाने ध्यानी ठेवावे.

दुसरा धोका याहून शांत आहे. नौकेच्या बुडाला पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर एक इंच व्यासाचे छिद्र पडले, तर त्यातून मिनिटास सुमारे साठ लिटर पाणी आत शिरते. बादलीने उपसणारा माणूस अशा वेळी लवकरच थकतो. मुख्य भिस्त असते ती बुडातील पंपावर. तो पंप त्या क्षणी चालतो की नाही, हे बहुधा पंपाच्या गुणवत्तेवर नव्हे, तर त्याच्याकडे जाणाऱ्या तारेच्या सांध्यावर अवलंबून असते. रात्रीच्या अंधारात डावीकडचा तांबडा व उजवीकडचा हिरवा दिवा विझलेला असेल, तर मोठ्या जहाजाच्या मार्गात सापडलेल्या नौकेची अवस्था काय होईल हे सांगावयास नको.

खाऱ्या पाण्याचे काम

विहिरीच्या पाण्यापेक्षा समुद्राचे पाणी कित्येक पटींनी चांगले विद्युत्‌वाहक असते. शिवाय ते वाळले तरी आपला गुण सोडीत नाही. मागे राहिलेले मीठ हवेतील दमटपणा ओढून घेते, त्यामुळे एकदा खारे पाणी उडालेला सांधा कोकणच्या हवेत सहसा पुरता कोरडा होत नाही. मीठ धुऊन काढावेच लागते. नुसते उन्हात वाळविणे पुरेसे नाही.

तांब्याच्या तारेवर याचा परिणाम कसा होतो हे कोणत्याही वायरमनला दाखविता येईल. सांध्याच्या टोकाशी हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. आवरण मागे सोलले तर आतली तार हातभर अंतरापर्यंत काळी पडलेली आढळते. कारण असे की, बारीक तंतूंनी बनलेली तार दिव्याच्या वातीसारखी वागते. वात तेल चढविते, तशी तार खारे पाणी आत ओढून घेते. काळवंडलेला तंतू प्रवाहास विरोध करतो, तेथे उष्णता निर्माण होते आणि पंपापर्यंत पोहोचणारा दाब घटतो.

यावर उपाय घराघरांत जुना आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करावयाची ती कशासाठी, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक होते. नौकेसाठी मिळणारी तार हीही कल्हई केलेली असते. तिच्या प्रत्येक तंतूवर कथिलाचा पातळ थर दिलेला असतो. घरगुती तारकामात वापरली जाणारी साधी तार, विशेषतः एकेरी जाड तार, नौकेत वापरू नये. ती एक तर गंजते, नाही तर इंजिनाच्या सततच्या थरथरीने आवरणाच्या आतच तुटते.

चोरवाटेचा प्रवाह

बुडातील पंपाबरोबर बहुधा एक तरंगता स्विच असतो. पाणी चढले की तो आपोआप पंप सुरू करतो. मुख्य स्विच बंद असतानाही हे काम व्हावे म्हणून या स्विचकडे जाणारी तार बॅटरीशी कायम जोडलेली ठेवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु याचा अर्थ असा की, नौकेतील सर्वांत ओल्या जागी अहोरात्र जिवंत राहणारी तार ही एकच असते. तिचा सांधा पाण्यात बुडाला तर प्रवाह पाण्यातून चोरवाटेने पंख्याकडे, दांड्याकडे व पितळी नळाकडे वाहू लागतो.

असा प्रवाह ज्या धातूतून पाण्यात उतरतो तो धातू विरघळतो. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला तर सुमारे एक ग्रॅम लोखंड नाहीसे होते. एका अँपिअरचा केवळ दहावा हिस्सा दोन महिने अखंड गळत राहिला, तर सुमारे दीडशे ग्रॅम लोखंड झिजते. झीज जर एखाद्या बोल्टावर वा नळाच्या गळ्यावर एकवटली, तर तेवढी नौका बुडविण्यास पुरते. पुष्कळ मालक झिजलेला पंखा पाहून धातू निकृष्ट होता असे म्हणतात, आणि जस्ताची वडी अधिक बसवितात. जस्ताची वडी निरनिराळ्या धातूंमधील नैसर्गिक झीज स्वतःवर घेते हे खरे. पण बॅटरीतून गळणारा प्रवाह ती फार काळ सोसू शकत नाही. मूळ दोष तारेत असताना औषध पंख्याला लावणे हे व्यर्थ होय.

ही गळती तपासणे अवघड नाही. सर्व दिवे व यंत्रे बंद करून बॅटरीच्या धन टोकाची तार सोडवावी आणि मध्ये मिलिअँपिअर मोजणारे मीटर लावावे. काहीही चालू नसताना काटा हलला, तर एकेक शाखा सोडवीत दोष कोठे आहे हे शोधता येते. मीटर जोडलेले असताना इंजिन मात्र सुरू करू नये, अन्यथा मीटर जळेल.

उत्तम तारकामाची लक्षणे

चांगल्या तारकामाची लक्षणे थोडी आहेत व ती पाहताक्षणी ओळखता येतात.

पहिले लक्षण फ्यूजचे. तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा, कारण फ्यूज हा दिव्याचे वा पंपाचे नव्हे, तर तारेचे रक्षण करण्यासाठी असतो. बॅटरी व फ्यूज यांमधील तारेस कोणीही वाली नसतो. फ्यूज उडाल्यावर त्याच्या जागी खिळा, जाड तार वा चांदीचा कागद बसविणे म्हणजे रखवालदाराला झोपवून दार उघडे टाकणे होय.

दुसरे लक्षण तारेच्या मार्गाचे. तार शक्य तितकी उंचावरून न्यावी, हातभर अंतरावर पट्टीने आवळावी आणि पंपाकडे ती वरून सरळ खाली उतरवावी. पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोका द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकून जाईल, पेटीत शिरणार नाही. तार पेटीत वरून नव्हे, खालून घ्यावी.

तिसरे लक्षण सांध्याचे. बुडाच्या पाण्यात सांधा असू नये, हा नियम. पंपाची स्वतःची तार आखूड असल्याने सांधा टाळता येत नसेल, तर तो पाणी कधीही न पोहोचणाऱ्या उंचीवर घ्यावा. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे हा सांधा नव्हे. ती पट्टी उष्णतेने सुटते आणि आत पाणी धरून ठेवते. योग्य चिमट्याने दाबलेली धातूची नळी आणि तिच्यावर उष्णतेने आकसणारे, आतून डिंक असलेले आवरण हाच विश्वासाचा सांधा.

चौथे लक्षण तारेच्या जाडीचे. समजा, बॅटरीपासून पंप आठ मीटर दूर आहे व तो पाच अँपिअर घेतो. जाणे व येणे मिळून तार सोळा मीटर झाली. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेत सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, म्हणजे बारा व्होल्टांपैकी जवळजवळ आठ टक्के. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ही घट सुमारे ०.३५ व्होल्टांवर, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत येते. बारीक तारेमुळे पंप मंदावतो आणि मालक पंपाला दोष देतो.

पाचवे लक्षण परतीच्या तारेचे. धन व ऋण अशा दोन्ही तारा बॅटरीपर्यंत स्वतंत्र असाव्यात. इंजिनाचे वा नौकेचे लोखंड परतीच्या वाटेसारखे वापरू नये. मोटारगाडीत ही रीत चालते, कारण गाडी पाण्यात उभी नसते.

सहावे लक्षण बॅटरीच्या जागेचे. बॅटरी बुडात ठेवू नये. उंच, हवेशीर व पट्ट्याने बांधलेल्या पेटीत ठेवावी. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने स्फोट पावतो. उघड्या झाकणाच्या बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले, तर विषारी क्लोरिन वायू निर्माण होतो. ज्या नौकेवर स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर आहे, तेथे आणखी एक दक्षता हवी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळून बुडात साठतो, आणि तेथेच एखाद्या सैल सांध्याची ठिणगी त्याची वाट पाहत असते.

धक्क्यावरील २३० व्होल्ट

आतापर्यंतचा विचार बॅटरीचा झाला. नौका ओढून वर घेतल्यानंतर दुरुस्तीसाठी धक्क्यावरून २३० व्होल्टांची जोडणी आणली जाते. जोडकाम, घासकाम, भोके पाडणे ही कामे ओल्या वाळूत, ओल्या कपड्यांनी, अनेकदा अनवाणी केली जातात. येथे मात्र झटक्याचे भय पूर्ण आहे. ओल्या त्वचेचा विरोध फार घटतो. सुमारे दहा मिलिअँपिअर प्रवाह हाताचे स्नायू आवळतो व धरलेली वस्तू सोडविता येत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. साधा फ्यूज एवढ्या अल्प प्रवाहाने उडत नाही, कारण त्याला कित्येक अँपिअर लागतात.

म्हणून धक्क्यावरील प्रत्येक जोडणीस तीस मिलिअँपिअरवर तुटणारा गळतीरक्षक स्विच असणे हा ऐच्छिक प्रश्न राहू नये. त्याचबरोबर भूसंपर्काची तिसरी तार अखंड असावी आणि सांधे जमिनीवर लोळू नयेत. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते. अशा पाण्यात प्रवाह उतरला तर तो पोहणाऱ्याच्या शरीरातून जाणे अधिक सुलभ असते. म्हणून जोडणी चालू असताना नौकेभोवती पाण्यात उतरू नये. कोणी चिकटलाच, तर त्यास हात न लावता प्रथम मुख्य स्विच बंद करावा.

शेतकऱ्यांनीही हे आपल्यापुरते पाहावे. विहिरीच्या काठावरील स्टार्टर, शेततळ्यातील पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, पाण्यातील मोटार, या सर्व ठिकाणी ओल तीच आणि दाब नौकेतील बॅटरीहून कितीतरी अधिक असतो.

खर्चाचा आक्षेप

या सूचनांवर मालकांचा पहिला आक्षेप खर्चाचा असतो, आणि तो पोकळ नाही. कल्हईची तार साध्या तारेपेक्षा महाग पडते व तालुक्याच्या गावी सहजी मिळत नाही. डिझेल, बर्फ आणि जाळे यांच्या खर्चाने वाकलेल्या नाखव्यास सर्व तारकाम एका वर्षात बदला असे सांगणे हा कोरडा उपदेश ठरेल. परंतु सर्व तारा सारख्या महत्त्वाच्या नसतात. पैसा थोडा असेल तर पहिल्या वर्षी बॅटरीजवळचा फ्यूज व बुडातील पंपाची तार बदलावी; दुसऱ्या वर्षी मार्गदर्शक दिवे व संदेशयंत्र यांची; केबिनमधील दिवा व पंखा शेवटी. ज्या तारेवर माणसांचे प्राण अवलंबून आहेत ती प्रथम, आणि ज्या तारेवर केवळ सोय अवलंबून आहे ती नंतर, हा क्रम पाळला तर खर्च सोसवतो. फ्यूजचा खर्च तर एका फेरीच्या बर्फापुढेही किरकोळ आहे. तो टाळणाऱ्यास पैशाची सबब सांगता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, दर्या सर्वच खातो, तेव्हा तारही खाणारच. दर्या लाकूडही खातो, म्हणून कोणी नौकेस रंग देणे सोडले नाही. झीज अटळ आहे म्हणूनच तपासणी आवश्यक आहे.

तिसरी अडचण कुशल माणसांची. गावचा वायरमन घरे व गोठे यांचे काम उत्तम जाणतो. पण नौकेत तो घराचीच रीत वापरतो, आणि त्यास वेगळे कोणी शिकविलेले नसते. किनाऱ्यावरील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून नौकेच्या तारकामाचे अल्प मुदतीचे शिक्षण दिले गेले, तर प्रत्येक बंदरावर दोन-चार जाणते हात निर्माण होतील व त्या तरुणांस गावातच काम मिळेल. नौकेसाठी कर्ज वा अनुदान देताना इंजिन व जाळे जसे पाहिले जाते, तसे तारकामही पाहिले जावे. ज्या नौकेत बॅटरीजवळ फ्यूज नाही, तिला नवे यंत्र देणे म्हणजे गळक्या कणगीत धान्य ओतणे होय.

बंदीच्या दोन महिन्यांचा उपयोग

या सर्व कामास निसर्गानेच वेळ नेमून दिली आहे. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये मासेमारीस बंदी असते व नौका किनाऱ्यावर विसावलेल्या असतात. जाळी याच काळात विणली जातात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मच्छीमार सहकारी संस्थेच्या साहाय्याने या काळात एक दिवस तारकाम-तपासणीसाठी ठरवावा. एक जाणता वायरमन, एक मीटर आणि प्रत्येक नौकेचा तांडेल एवढी सामग्री त्यास पुरते. फ्यूज आहे काय, बुडात सांधा आहे काय, बॅटरी बांधलेली आहे काय, गळती किती आहे, एवढे चार प्रश्न विचारून उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. त्याच कागदावर कोणती तार कोठून कोठे जाते याचा साधा नकाशा काढावा आणि त्याची प्रत नौकेवर मेणकापडात गुंडाळून ठेवावी. रात्री समुद्रात दिवा विझला असता तो नकाशा मोठ्या यंत्राहून अधिक उपयोगी पडतो.

अशा कामाचा गवगवा होत नाही. बुडालेली नौका बातमीत येते. न बुडालेल्या नौकेची नोंद कोणी ठेवीत नाही. पण नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून नौका पुन्हा पाण्यात लोटली जाईल, तेव्हा तिच्या बुडातील पंप हाकेसरशी चालेल अशी खात्री घरी वाट पाहणाऱ्या माणसांना असली पाहिजे. ती खात्री देणे मालकाच्या, तांडेलाच्या आणि गावच्या कार्यकर्त्याच्या हाती आहे, आणि तिची किंमत काही मीटर चांगली तार व एक दिवसाचे श्रम एवढीच आहे.